पाळणाघर की घरी येणारी ताई? सात महिन्यांच्या बाळासाठी सल्ला हवा आहे

वाकडची_आई

नमस्कार. माझी मुलगी या आठवड्यात साडेपाच महिन्यांची झाली. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली असून तिला जोडून मी साचलेली रजा घेतली आहे. तीही संपून मी कामावर रुजू होईन, तेव्हा बाळ सात महिन्यांचे असेल. मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि आठवड्यातून चार दिवस मला कार्यालयात जावे लागते. माझे पती चाकणच्या कारखान्यात फिरत्या पाळीत काम करतात. सासूबाई सांगलीला आहेत आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सोडून त्या येऊ शकत नाहीत. माझ्या आईची नाशिकच्या शाळेतील नोकरी अजून तीन वर्षे बाकी आहे. त्यामुळे ‘आजीला बोलावून घ्या’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो देणाऱ्यांची संख्या आमच्या इमारतीतच पुरेशी आहे.

मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊन बाळाला पाहता येते. आमच्या कंपनीने एका डे केअरशी करार करून ही अट पूर्ण केली आहे. मात्र ते केंद्र कार्यालयापासून सहा किलोमीटरवर आहे. हिंजवडीची संध्याकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सहा किलोमीटर किती लांब असतात ते सांगावे लागणार नाही. चार भेटी कागदावरच राहतात.

आमच्यापुढे आता तीन पर्याय आहेत. पहिला पर्याय घराजवळच्या डे केअरचा आहे. तेथे एक वर्षाखालील बाळांची खोली वेगळी आहे, त्या खोलीत सध्या पाच बाळे आणि दोन ताई आहेत, कॅमेऱ्याचे दृश्य पालकांना फोनवर दिसते, आणि महिन्याचे १४,००० रुपये पडतात. दुसरा पर्याय ब्युरोमार्फत बारा तासांसाठी घरी येणाऱ्या ताईचा आहे. तिचा पगार १८,००० रुपये, आणि ब्युरोची फी वेगळी. तिसरा पर्याय आमच्याच सोसायटीतील एका काकूंच्या घरगुती पाळणाघराचा आहे. त्या सहा मुले सांभाळतात, ७,००० रुपये घेतात आणि कॅमेरा वगैरे काही ठेवत नाहीत.

पैशांचे गणित मांडून पाहिले आहे. ओढाताण करून तिन्ही पर्याय जमतात. ताईच्या बाबतीत मला भीती वाटते ती बंद दाराची, कारण घरात काय चालले आहे हे ज्या जिवाला कळते त्याला बोलता येत नाही. डे केअरमध्ये पाच रडणाऱ्या बाळांत माझ्या बाळाचा क्रमांक केव्हा लागेल, हा विचार झोपू देत नाही. काकूंचे घर पाहून मन निवते. परंतु एका गृहिणीच्या भरवशावर पुढील तीन वर्षे आखावीत का, हे ठरत नाही. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यातूनच उघडकीस आली होती. म्हणजे कॅमेरा असूनही ती घडली, की कॅमेरा होता म्हणून ती कळली, या दोन विचारांत मी हेलकावे खाते आहे. ज्यांनी यांपैकी एकाहून अधिक पर्याय प्रत्यक्ष वापरून पाहिले आहेत, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

दोन_मुलींचा_बाबा

आमची थोरली घरी येणाऱ्या ताईंकडे वाढली आणि धाकटी डे केअरमध्ये, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या ठाऊक आहेत.

घरी येणाऱ्या ताईचा मोठा फायदा सकाळी सात वाजता कळतो. झोपलेल्या बाळाला उठवून, कपडे चढवून, पावसात स्कूटरवर बसवून कोठेही न्यावे लागत नाही. बाळाला ताप आला म्हणून कोणी फोन करून ‘घेऊन जा’ असे सांगत नाही. तोटा मात्र एखाद्या सोमवारी समजतो, जेव्हा ताईंचा फोन लागत नाही आणि तुमची दहाची बैठक असते. आमच्या ताई अत्यंत प्रामाणिक होत्या, तरीही गौरी-गणपती, दिवाळी, मे महिन्यातील गावाकडची लग्ने आणि स्वतःच्या मुलाची आजारपणे मिळून वर्षाकाठी चाळीसेक दिवस त्या आल्या नाहीत. यात त्यांची चूक नव्हती. महिन्याला चार सुट्ट्या, सणाची रजा आणि आजारपण हे आपल्याला मिळते, मग त्यांनाही मिळायलाच हवे. ते आपण हिशोबात धरत नाही आणि नंतर ‘खाडे करते’ म्हणून कुरकुरतो. दिवाळीला एक पगार जास्तीचा, वर्षातून एकदा पगारवाढ आणि अधूनमधून उचल, हेही खर्चात आधीच मांडावे. तुमचे १८,००० रुपये प्रत्यक्षात वीस हजारांच्या पुढे जातील.

ब्युरोने ‘पडताळणी केलेली आहे’ असे सांगितले, तरी तेवढ्यावर थांबू नये. आधार कार्डाची प्रत, छायाचित्र आणि गावाकडचा पत्ता घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात स्वतः नोंद करावी, आणि त्या आधी जेथे काम करत होत्या, त्या दोन घरी फोनवर न बोलता प्रत्यक्ष जाऊन यावे. घरात कॅमेरा लावणार असाल तर तो त्यांना पहिल्याच दिवशी दाखवावा. लपवलेला कॅमेरा सापडतो, आणि मग त्या घरात कोणाचाच कोणावर विश्वास उरत नाही. मी पहिले पंधरा दिवस घरून काम केले होते. पहिले तीन दिवस माझ्यासमोर सगळेच अवघडलेले होते. त्यानंतर ताई माझ्याकडे लक्ष न देता बाळाशी बोलू लागल्या, आणि तेव्हा मला त्यांचा खरा स्वर ऐकू आला.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. थोरली सव्वादोन वर्षांची असताना ताईंना गावी परतावे लागले. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती रोज सकाळी नऊच्या सुमारास दाराजवळ जाऊन बसत असे. डे केअरमधील ताई वर्षातून दोनदा बदलल्या, तरी धाकटीला एवढा चटका बसला नाही, कारण खोली तीच होती, खेळणी तीच होती आणि बाकीची मुलेही तीच होती. बाळाने एका माणसात जीव गुंतवावा की एका जागेत, असा हा प्रश्न आहे. मला अजूनही पहिलेच बरे वाटते. पण त्याची किंमत मी पाहिली आहे.

डोंबिवलीच्या_काकू

मी १९९४ ते २०१९ अशी पंचवीस वर्षे डोंबिवलीत राहत्या घरी पाळणाघर चालवले. त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार, हे लक्षात ठेवून वाचावे.

आपण तिन्ही पर्यायांत बाळाचा रोजचा दिवस कसा जाईल, हे पाहत आहात. त्याबरोबरच, ज्या दिवशी सगळे बिघडते, त्या दिवशी बाळ कोणाच्या हातात असेल, हेही पाहावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि माझ्याकडच्या सात मुलांपैकी पाच मुलांचे आईवडील त्या रात्री घरी पोहोचू शकले नाहीत. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. माझ्या यजमानांनी स्टोव्हवर मऊ भात शिजवला, घरातल्या सगळ्या गाद्या जमिनीवर अंथरल्या आणि पाचही मुले आमच्यातच झोपली. एक आई दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत आली; चिखलाने माखलेल्या अवस्थेत ती उंबऱ्यातच बसली, कारण आत आले तर फरशी खराब होईल, असे तिला वाटले. सात वाजता कुलूप लावणाऱ्या केंद्राला आपण विचारावे की, साडेसात वाजले आणि पालक आलेच नाहीत, तर काय करता? जे केंद्र ‘दर पंधरा मिनिटांना इतके रुपये दंड’ एवढेच उत्तर देते, त्याने दराची माहिती दिली, व्यवस्थेची दिली नाही.

आता माझ्याच व्यवसायातले दोष सांगते. घरगुती पाळणाघर एका बाईच्या प्रकृतीवर चालते. माझ्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी दोन महिने मुले घेऊ शकले नाही आणि आठ घरांची तारांबळ उडाली. मुलीचे बारावीचे वर्ष आले तेव्हा मी दुपारी मुलांना अकारण गप्प बसवत असे. आज आठवले की वाईट वाटते. अनेक घरांत दुपारी मालिका सुरू असतात आणि मुले त्यांपुढे बसवलेली असतात. घरात येणारेजाणारे किती आहेत, दुपारी कोणकोण पुरुष घरी असतात, स्वयंपाकघराला फाटक आहे का, गच्चीच्या दाराची कडी किती उंचीवर आहे, हे विचारायला संकोच करू नये. संकोचानेच बहुतेक चुका होतात, कारण समोरच्या काकू ओळखीच्या असतात आणि चहा देतात.

मी आठांहून अधिक मुले कधी घेतली नाहीत आणि एक वर्षाखालील बाळे एका वेळी दोनच घेतली. आग लागली तर दोन हातांत दोनच बाळे उचलता येतात, एवढा साधा हिशोब होता. आपल्या सोसायटीतील काकूंच्या सहा मुलांत तान्ही किती आहेत, ते विचारा. सहाच्या सहा शाळेत जाणारी असतील आणि दुपारी एकनंतर येत असतील, तर आपले बाळ सकाळभर एकटेच राजासारखे राहील. त्यांत तीन तान्ही असतील, तर मी माझ्या नातीला तेथे ठेवणार नाही.

पाहणी करायला सकाळी अकराला जाऊ नये. तेव्हा सगळीच पाळणाघरे गोजिरी दिसतात. दुपारी साडेतीनला, न सांगता जावे. मुले झोपेतून उठत असतात, ओले कपडे बदलायचे असतात, सगळ्यांना एकदम भूक लागलेली असते आणि सांभाळणारीचा दिवस तोवर अर्धा संपून ती दमलेली असते. न्हाणीघरात पंचे मोजावे. मुले आठ आणि पंचे तीन असतील, तर बाकीचे विचारण्याची गरज नाही. फार टापटीप दिसली, तरी मी सावध होत असे; रांगणाऱ्या मुलांच्या खोलीत खेळणी फडताळावर ओळीने लावलेली असतील, तर ती खाली कधी येतात?

नाव_नको

आपल्या प्रश्नात बाळाच्या वडिलांचा उल्लेख एकदाच, तोही चाकणच्या पाळीपुरता आला आहे. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात ते दुपारी घरी असतात आणि रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्वाची १५ दिवस रजा मिळते. खासगी कारखान्यात कायद्याने तीही नाही, हे मान्य आहे. तरीही फिरत्या पाळीमुळे आपल्याला दर आठवड्याला सारखे बारा तास लागतच नाहीत. बाळाचे तास मांडून पाहिल्याशिवाय १८,००० रुपयांचा पर्याय आवश्यक धरू नये.

मिरजेचा_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पालक माझ्याकडे हा प्रश्न बहुधा पाळणाघरातल्या तिसऱ्या सर्दीनंतर घेऊन येतात.

लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे सामान्य असते, आणि सामूहिक पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षी ती त्याहून अधिक वेळा होते. यात पाळणाघराचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. घरीच राहिलेली मुले बालवाडीत जाऊ लागली की तीच आजारपणे तेव्हा काढतात. फरक वयाचा आहे. सात महिन्यांच्या बाळाचे नाक चोंदले की त्याला दूध ओढता येत नाही आणि ते लवकर थकते. अडीच वर्षांचे मूल नाक गळत असतानाही खेळत राहते.

आपल्या बाळाच्या बाबतीत एक बाब विशेष आहे. गोवराच्या लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. सातव्या महिन्यात बाळ पाच-सहा मुलांच्या खोलीत गेले, तर ते दोन महिने त्या लसीवाचून तेथे असेल. गोवर किती झपाट्याने पसरतो, हे मुंबईने २०२२ च्या अखेरीस पाहिले आहे. शक्य असेल तर हे दोन महिने बाळ घरी राहील असे पाहावे. फ्लूची लस सहा महिने पूर्ण होताच सुरू करता येते. पहिल्या वेळी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात, त्यामुळे आजच आपल्या डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवावी. कोणत्याही केंद्रात प्रवेश घेताना ते इतर मुलांची लसीकरणाची पुस्तिका पाहतात का, हे विचारावे. केवळ आपल्याच बाळाची पुस्तिका मागून ती फाइलला लावणारी केंद्रे पुष्कळ आहेत.

आणखी एक गोष्ट पाहावी. बाळ घरी दुपारी दीड तास झोपते आणि सांभाळणारीकडे मात्र रोज चार तास झोपू लागले, तर कौतुक करण्याआधी चौकशी करावी. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते आणि मूल शांत राहावे म्हणून ती दिली गेल्याची प्रकरणे आम्हाला पाहावी लागतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे एकत्रित औषध ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिलेला आहे. सांभाळणारी ताई असो, काकू असोत वा केंद्र असो, आपण त्या दिवशी लिहून दिल्याशिवाय कोणतेही औषध द्यायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. झोपवताना बाळ उताणे असावे आणि पाळण्यात मोहरीची उशी, दुपट्यांचा ढीग किंवा मऊ खेळणी नसावीत. घरगुती पाळणाघरात आणखी एका गोष्टीची भर घालतो: गुरुवारच्या उपवासाचे शेंगदाणे. मोठ्यांच्या वाटीतला एक दाणा रांगणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो आणि दुर्बिणीने तो काढण्याची वेळ येते.

वरील बाबांनी दाराजवळ बसणाऱ्या मुलीबद्दल लिहिले आहे, त्याला पूरक एवढेच सांगतो. परक्या माणसाची भीती आणि आईपासून दूर होण्याचा त्रास साधारण आठव्या महिन्यापासून वाढतो आणि पुढे दीड वर्षापर्यंत टिकू शकतो. या काळात व्यवस्था बदलावी लागली, तर ती एका दिवसात बदलू नये. नव्या जागी पहिले काही दिवस आईने किंवा वडिलांनी तासभर सोबत बसावे, मग अर्धा तास बाहेर जाऊन परत यावे, असे करत दोन आठवडे हाताशी ठेवावेत.

वाकडची_आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

काकूंच्या सांगण्यानुसार मी दोन्ही ठिकाणी दुपारी साडेतीनला, न कळवता गेले. डे केअरच्या बाळांच्या खोलीत कागदावरच्या दोन ताईंपैकी एकच होती. दुसरी मोठ्या मुलांना खाऊ देण्यासाठी गेली होती आणि ती रोजच त्या वेळी जाते, असे त्या ताईने अगदी सरळपणे सांगितले. फोनवरच्या कॅमेऱ्यात हे मला कधीच दिसले नसते, कारण दाखवताना त्यांनी सकाळचे दृश्य दाखवले होते. सोसायटीतील काकूंकडच्या सहा मुलांपैकी पाच शाळेत जाणारी निघाली आणि एक दीड वर्षाचे आहे. पंचे सात होते. स्वयंपाकघराला फाटक नाही. आम्ही खर्च दिला तर ते बसवून घेण्यास त्या तयार आहेत. ‘तुम्ही आजारी पडलात तर?’ या प्रश्नावर त्या थोड्या रागावल्या आणि मग म्हणाल्या की, त्यांची धाकटी जाऊ त्याच सोसायटीत राहते, तिच्याशी आपली भेट घालून देतील. ती भेट झाली.

मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींतच, कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम देता येते, अशी तरतूद आहे. तिचा उल्लेख करून मी अर्ज केला आणि वरिष्ठांनी दोन महिने मान्य केले. त्या दोन महिन्यांसाठी सकाळी नऊ ते दोन अशी एक ताई ठरवली आहे. दुपारपाळीच्या आणि रात्रपाळीच्या आठवड्यांत तिची गरज कमी पडेल. तरीही पगार महिन्याचाच द्यायचा, असे आम्ही ठरवले. तिची स्वतःची मुलगी चार वर्षांची आहे आणि त्या वेळात अंगणवाडीत असते. उन्हाळ्यात अंगणवाडी बंद राहील तेव्हा ती मुलीलाही सोबत आणणार आहे. गोवराची लस झाल्यावर, पतींच्या पहिल्या पाळीचा आठवडा पाहून, बाळाला काकूंकडे हळूहळू सवय लावू. पहिल्या दोन आठवड्यांच्या दुपारी तेच सोबत बसतील.

डोंबिवलीच्या काकूंना एक विचारायचे होते. पंच्यांवर आणि दुपट्यांवर बाळाचे नाव घालायचे आहे. कापडावर लिहिण्याचे पेन चालेल, की दुसरे काही करावे?

डोंबिवलीच्या_काकू

दोऱ्याने भरावे. पेनाची शाई दहा धुण्यांत जाते. नावाऐवजी एखादे चित्र भरले तर अधिक चांगले, कारण वाचता येण्याआधी मुलांना आपले चित्र ओळखू येते. माझ्याकडे छत्री, मासा आणि पेरू यांच्यासाठी भांडणे होत असत.